‘श्यामची आई’ कशी लिहिली आहे?



या सत्रात आठवी-नववीच्या मराठीच्या तासाला आम्ही साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ वाचायला घेतले आहे. गेल्या पालक सभेत त्यावरून दोन सूचना आल्या. एका पालकांचे म्हणणे असे, की पुस्तक फार रडवे आहे, त्यातली आई मुलाला मारते, दिवसभर स्वयंपाकघरात राबते. आजच्या मुलांनी, त्यातही मुलींनी, हे का वाचावे? दुसरी सूचना अगदी उलट टोकाची होती. पुस्तक संस्कारांचे आहे, तेव्हा प्रत्येक प्रकरणाखाली दोन ओळींचे तात्पर्य लिहून घ्यावे, म्हणजे मुलांच्या मनावर ठसेल आणि परीक्षेलाही सोपे जाईल. विश्वस्त मंडळींनी आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना आमचे म्हणणे लेखी मांडायला सांगितले. ते येथे मांडत आहोत. विद्यार्थ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून धड्याच्याच रूपात लिहिले आहे.

दोन्ही सूचनांमागे एकच समजूत आहे. या पुस्तकात उपदेश आहे, तो ज्याला पटेल त्याने घ्यावा, न पटेल त्याने पुस्तक मिटावे, अशी ती समजूत. आमचा वर्गातला अनुभव वेगळा आहे. मुलांच्या डोळ्यांत पाणी येते ते उपदेशाच्या परिच्छेदांना नाही. तिथे ती पाने किती उरली ते मोजत असतात! पाणी येते ते एखाद्या कोटाला, धोतराला, दह्याच्या वाटीला. असे का होते, हे शोधायचे तर गुरुजींनी काय सांगितले याच्या आधी कसे सांगितले ते पाहायला हवे.

थोडी माहिती आधी देतो. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड या गावी झाला. आई यशोदाबाई १९१७ साली वारल्या. पुढे १९२४ ते १९३० या काळात ते खानदेशात, अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांची देखभालही करत. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. रोजच्या रोज एकट्याने अंक लिहायचा आणि सकाळी मुलांपुढे ठेवायचा! नंतर स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास आला. ‘श्यामची आई’चा बराचसा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहून झाला. पुस्तक १९३५ साली निघाले.

या माहितीतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. आई जाऊन सोळा वर्षे झाली होती, ही एक. आणि लिहिणाऱ्या हाताला मुलांपुढे रोज काहीतरी ठेवायची सवय होती, ही दुसरी. पुस्तकाचे पुष्कळसे गुण आणि काही दोषही या दोन गोष्टींतून आलेले आहेत.

ही कादंबरी आहे का, असे नववीच्या वर्गात एकाने विचारले. प्रश्न बरोबर आहे. पुस्तकातले बहुतेक प्रसंग गुरुजींच्या स्वतःच्या आयुष्यातले आहेत. कोणी त्याला आत्मचरित्र म्हणतात, कोणी आत्मचरित्रात्मक कादंबरी. पण गुरुजींनी ‘मी पांडुरंग’ असे लिहिलेले नाही. त्यांनी श्याम नावाचा माणूस उभा केला, त्याला एका आश्रमात नेऊन बसवले, त्याच्याभोवती ऐकणारे मित्र जमवले आणि मग त्याच्या तोंडून गोष्ट सांगितली. ही सगळी रचना आहे, लेखकाने विचारपूर्वक केलेली. म्हणून आम्ही ते कादंबरी म्हणून वाचतो.

तीन श्याम

पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली सायंप्रार्थना झाली की मित्र जमतात आणि श्याम आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. रात्रीच्या सुरुवातीला पुष्कळदा आश्रमातलेच काहीतरी येते. आकाश कसे होते, कोण आले, कोणाची वाट पाहत थांबले, असे. वर्गात मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि ती तो गाळून पुढे जातात. पण तो गाळला तर गोष्टीतली एक महत्त्वाची व्यक्ती हरवते. ती म्हणजे सांगणारा श्याम.

नीट पाहिले तर या पुस्तकात श्याम एक नाही. एक श्याम आहे सात-आठ वर्षांचा, हट्टी, भित्रा, कधी खोटे बोलणारा. दुसरा आश्रमात बसून त्या पहिल्याची गोष्ट सांगणारा, वयाने वाढलेला. आणि त्या दोघांच्या मागे तिसरा, तुरुंगात बसून लिहिणारा, तो म्हणजे लेखक. लहान श्यामला आई उद्या असणारच आहे. सांगणाऱ्या श्यामला ठाऊक आहे की ती नाही. आणि आपल्याला, वाचकांना, हे दोन्ही एकाच वेळी ठाऊक असते.

याचा परिणाम पाहा. साधारण कादंबरीत पुढे काय होणार याची उत्सुकता असते. इथे शेवट पहिल्याच रात्री माहीत आहे. आई वारलेली आहे. म्हणून उत्सुकता नाहीच, तिच्या जागी दुसरेच काही येते. श्याम आईवर रुसतो, तिला उलट बोलतो, तिच्यापासून लपून बसतो, तेव्हा त्या मुलाला जे कळत नाही ते आपल्याला कळत असते. हसण्याच्या प्रसंगातही आत काहीतरी टोचते. रडू आणण्यासाठी लेखकाला दर वेळी दुःखद प्रसंग आणावा लागत नाही. आनंदाचा प्रसंगही पुरतो.

पहिली रात्र घ्या, ‘सावित्री-व्रत’. वटपौर्णिमेचे दिवस. आई तापाने अशक्त झालेली, वडाला प्रदक्षिणा घालण्याचे बळ तिच्यात नाही. ती श्यामला म्हणते, माझ्या वतीने तू घाल. श्यामला लाज वाटते. बायकांच्या व्रतात मुलगा कसा, पोरे हसतील! आई त्याची समजूत घालते आणि तो जातो. गोष्ट एवढीच. पण लेखकाने बेचाळीस रात्रींतून पहिली म्हणून ही का निवडली असेल? आईचे आजारपण पहिल्याच पानांवर दिसते, हे एक कारण. दुसरे कारण आम्हाला पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना दिसले. पहिल्या रात्री श्याम आईच्या जागी उभा राहतो. शेवटच्या रात्रींत, जेव्हा आईला त्याची सर्वांत जास्त गरज आहे, तेव्हा तो तिथे नाही. लेखक हे दोन टोकांचे नाते बोलून दाखवत नाही. मांडणीतूनच ते तयार होते.

वस्तू बोलतात

आता कोटाकडे वळू. ‘बंधुप्रेमाची शिकवण’ ही सव्विसावी रात्र. श्याम दापोलीला शिकतो आहे. खाऊसाठी मिळालेले पैसे तो साठवतो आणि धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. गणपतीत तो पावसापाण्यातून पायी घरी येतो आणि कोट काढून दाखवतो. या रात्रीबद्दल मुलांना आम्ही विचारले, श्यामचे भावावर प्रेम आहे हे तुम्हाला कशावरून कळले? पहिली उत्तरे आली ती ‘तो प्रेमळ होता’, ‘आईने चांगले संस्कार केले होते’ अशी. मग एका मुलीने सांगितले, की त्याने खाऊ खाल्ला नाही म्हणून. आमच्या मते उत्तर हेच. प्रेम हा शब्द हाताला लागत नाही. न खाल्लेला खाऊ लागतो. किती दिवस खाल्ला नसेल, शाळेतली इतर मुले खाताना हा काय करत असेल, हे वाचणारे मूल आपल्या डब्यावरून ताडू शकते.

‘आनंदाची दिवाळी’ही अशीच. भावाकडून आलेली भाऊबीज आईजवळ आहे. स्वतःला काही घ्यावे असे तिच्या मनात येणे साहजिक होते. पण वडिलांचे धोतर फाटलेले आहे, ते तिला दिसते, आणि त्या पैशातून ती धोतर आणवते. दिवाळीच्या फराळाचे, रोषणाईचे वर्णन करण्याची सोय असताना गुरुजी सगळा प्रकाश एका धोतरावर टाकतात. त्या काळच्या पती-पत्नींमध्ये प्रेमाची भाषा उघडपणे बोलली जात नसे. धोतर ती भाषा बोलते.

आणि ‘अळणी भाजी’ तर, आमच्या मते, संपूर्ण पुस्तकातली सर्वांत सुबक रात्र आहे. भाजीत मीठ घालायचे राहून गेले आहे. वडील घास घेतात, त्यांना कळते, पण ते काही बोलत नाहीत. उलट भाजी छान झाली असेच दाखवतात. श्यामही गप्प बसून खातो. नंतर आई जेवायला बसते तेव्हा तिला समजते आणि ती हळहळते. हा प्रसंग नीट वाचा. यात कोणी रागावत नाही, कोणी मरत नाही, कोणाचा अपमान होत नाही. चिमूटभर मीठ नाही, एवढीच घटना. पण नवरा-बायकोचे नाते, मुलाचे घराकडे पाहणे, घरातल्या कष्टांची जाणीव, सगळे त्यात उतरले आहे. शेवटी श्याम निकाल देत नाही. न बोलता खाणारे वडील मोठे की चुटपुट लागलेली आई मोठी, असा प्रश्न विचारून तो थांबतो. तात्पर्य लिहून घेण्याची सूचना करणाऱ्या पालकांना आमची विनंती आहे, या रात्रीखाली तात्पर्य लिहून पाहावे. जे लिहाल ते मूळ गोष्टीपेक्षा लहान वाटेल.

पुस्तकाच्या नावात आई आहे, म्हणून वडिलांकडे आपले लक्ष जात नाही. पण या आणि इतर काही रात्रींत वडील कडेने येऊन जातात, आणि फार थोड्या शब्दांत लक्षात राहतात. पूर्वी सुस्थितीत असलेला, आता कर्जात बुडत चाललेला, स्वभावाने सरळ माणूस. त्यांच्यावर लेखकाने आईइतके लिहिले असते तर ते इतके ठसले असते असे आम्हाला वाटत नाही.

आईचे बोलणे आणि श्यामचे बोलणे

आता थोडी टीकाही करू. विद्यार्थ्यांना आम्ही एक काम दिले होते. कोणतीही एक रात्र घ्या, आईच्या तोंडची वाक्ये निळ्या पेन्सिलीने आणि सांगणाऱ्या श्यामची विवेचनाची वाक्ये तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित करा. पुस्तक ग्रंथालयाचे असल्याने झेरॉक्स प्रतीवर करा, हे मात्र दोनदा सांगावे लागले!

निळी वाक्ये लहान निघाली. आई मोठी वाक्ये बोलत नाही. ती प्रश्न विचारते, आणि उदाहरण देते ते हाताशी असलेल्या वस्तूचे. ‘थोर अश्रू’ या सहाव्या रात्री लहान श्याम आंघोळ करून उभा आहे. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून तो हट्ट धरतो, की आईने आपले ओचे दगडावर पसरावेत. ओचे म्हणजे नऊवारी लुगड्याचा पुढचा घोळ. आपल्याकडे आजी नेसत असतील तर त्यांना विचारा. आई ओचे पसरते, श्याम त्यावर पाय ठेवतो. मग ती त्याला म्हणते, की पाय मळू नयेत म्हणून जसा जपतोस तसे मनालाही जप. हे वाक्य महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर घरोघरी पाठ आहे. ते इतके का टिकले? उपदेश तर हजारो लोकांनी हजारो वेळा केला आहे. आमचे उत्तर असे, की तो शब्दांच्या आधी घडतो. आईने आधी ओचे पसरले. मुलाचा वेडा हट्ट पुरवला. त्याचे ओले पाय तिच्या वस्त्रावर आहेत, त्या क्षणी ती बोलते. ओचे काढून घ्या आणि नुसते वाक्य फळ्यावर लिहा, त्याचा सुविचार होतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुसला जातो.

‘मुकी फुले’मध्येही तसेच. मुलगा उमलण्याआधीच कळ्या खुडून आणतो, इतरांना मिळू नयेत म्हणून. आई त्याला शास्त्र सांगत नाही, कळीच्या बाजूने बोलते.

तांबडी वाक्ये मात्र लांब निघाली आणि पुष्कळ निघाली. सांगणारा श्याम प्रसंग झाला की त्यावर बोलू लागतो. भारतीय संस्कृती, संतांची वचने, निसर्ग, देशसेवा, पुन्हा संस्कृती. काही रात्रींत गोष्ट अर्धे पानभर आणि बोलणे दोन पाने असे झाले आहे. उद्गारचिन्हांचीही रेलचेल आहे. आम्ही इथे लेखकाची बाजू घेणार नाही. जे प्रसंगाने आधीच केले आहे ते पुन्हा शब्दांनी केले की प्रसंगाची धार कमी होते. गुरुजींना हे कळत नव्हते असेही नाही, ‘अळणी भाजी’ त्याचा पुरावा आहे. पण रोज मुलांसाठी लिहिणाऱ्या शिक्षकाला ‘कळले का रे?’ विचारल्याशिवाय चैन पडत नाही. हा आमच्या व्यवसायाचाच रोग आहे, आणि हा लेख लिहितानाही तो आम्हाला अधूनमधून जडतो आहे.

विद्यार्थ्यांनी विचारले, मग तांबडा भाग सोडून दिला तर चालेल का? पहिल्या वाचनात सोडू नका. तो भाग वाचताना सांगणाऱ्या श्यामकडे पाहा. ज्या आईचे बोलणे त्याने लहानपणी पुष्कळदा ऐकले नाही, तिच्याबद्दल आता त्याला बोलणे थांबवता येत नाही. असे वाचले की उपदेशही त्या व्यक्तिरेखेचा भाग होतो. दुसऱ्या वाचनात कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

मारण्याचा प्रश्न

मार खाण्याबद्दल आलेला आक्षेप आम्हाला गंभीर वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबू. ‘श्यामचे पोहणे’ या बाराव्या रात्री गावची मुले विहिरीत पोहायला शिकतात. श्याम भितो आणि घरात माळ्यावर लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, छडीने मारते आणि पोहायला धाडते. तो पाण्यात पडतो, धडपडतो, शिकतो. घरी आल्यावर आई त्याला दही देते, आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून मारले, हे तिच्या बोलण्यात येते.

सांगणारा श्याम या माराचे कौतुक करतो. आपण ते केलेच पाहिजे असे नाही. पुस्तकातला निवेदक जे म्हणतो ते सगळे वाचकाने मान्य करावे, असा नियम कुठल्याच कादंबरीला नसतो. वर्गात यावर चांगलाच वाद झाला. एका मुलाने म्हटले, दही दिले म्हणून वळ जात नाहीत. दुसरीने म्हटले, आईलाही वाईट वाटले होते, नाहीतर दही कशाला? दोघांनीही पुरावा पुस्तकातूनच काढला, ही आम्हाला समाधानाची गोष्ट वाटते. लेखकाने वळही लपवलेले नाहीत आणि दहीही. माळ्यावरच्या अंधारातली भीती त्याने इतकी खरी लिहिली आहे, की मुलाच्या बाजूने बोलायला तोच आपल्याला साधने देतो. उद्या एखाद्या घरात हे प्रकरण पुढे करून कोणी छडी उचलली, तर तो दोष वाचण्याचा आहे.

आई फक्त राबते, हा दुसरा आक्षेप. खरे आहे, ती राबते, आणि शेवटी त्यातच झिजते. पण तेविसावी रात्र, ‘अर्धनारी नटेश्वर’, वाचा. तिथे श्याम आईला घरकामात मदत करतो, जात्यावर बसतो, आणि पुरुषामध्ये बाईचे गुण असावेत असे सांगणारा श्याम स्पष्ट म्हणतो. १९३५ सालच्या पुस्तकात हे आहे. आमच्या वर्गातल्या काही मुलांनी घरी पोळपाट-लाटणे कधी हातात घेतलेले नाही, असे चौकशीत आढळले. पालकांनी याची नोंद घ्यावी!

‘देवाला सारी प्रिय’ ही रात्रही अशीच काळजीपूर्वक वाचण्याची. वाटेत पडलेली लाकडाची मोळी एका म्हाताऱ्या महार बाईला उचलता येत नाही, आणि आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते. त्या काळच्या गावात हे साधे नव्हते. आई कोणी सुधारक नाही; ती आपल्या घराच्या रीतींत वाढलेली बाई आहे आणि तिला ती म्हातारी दिसते. गुरुजींनी तिला भाषण करायला लावले नाही. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा त्या मोळीची आठवण अनेकांना झाली असेल.

कर्जाचा ढोल

पुस्तकाचा पहिला अर्धा भाग सैल आहे. रात्री इकडच्या तिकडे केल्या तरी फारसे बिघडणार नाही. बत्तिसाव्या रात्रीपासून मात्र वीण घट्ट होते. प्रकरणांची नावेच पाहा : ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, मग ‘गरिबांचे मनोरथ’, ‘वित्तहीनाची हेळसांड’, ‘आईचे चिंतामय जीवन’, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’, आणि सदतिसावी ‘अब्रूचे धिंडवडे’. आधीच्या अळणी भाजीत मीठ विसरले होते. इथे मीठ घरात नाही. तीच वस्तू, पण मधल्या अठरा रात्रींत घर कुठे येऊन पोचले ते तिच्यावरून समजते. लेखकाने हे मुद्दाम केले की आपोआप झाले, यावर वर्गात मतभेद आहेत. आम्हाला वाटते, आपोआप झाले असले तरी श्रेय लेखकाचेच. ज्याचे लक्ष स्वयंपाकघरातल्या डब्यांवर आहे त्यालाच असे आपोआप होते.

सदतिसाव्या रात्री घराच्या जप्तीची दवंडी ढोल वाजवून गावभर फिरते. इथे आवाजाचा उपयोग पाहा. आतापर्यंत या घरातली सगळी दुःखे दाराच्या आत होती, हळू आवाजात होती. प्रथमच एक आवाज बाहेरून येतो आणि सगळ्या गावाला ऐकू जातो. आई ज्या अब्रूला जपत आली ती अशी वाजतगाजत जाते. हे लिहायला लेखकाला फार शब्द लागलेले नाहीत, आणि तांबडी पेन्सिलही इथे फारशी चालत नाही.

आईचा शेवटचा आजार सुरू होतो तेव्हा श्याम शिक्षणासाठी दूर आहे. जवळ सखूमावशी आहे, धाकटा पुरुषोत्तम आहे. म्हणजे पुढच्या रात्रींत श्याम जे सांगतो ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले नाही. तरी कोण काय बोलले, आईने कोणाची निरवानिरव कशी केली, हे तो शेजारी बसून पाहिल्यासारखे सांगतो. आपण तिथे असायला हवे होतो आणि नव्हतो, ही जाणीव असलेला माणूस दुसऱ्यांकडून ऐकलेल्या तपशिलांनी ती जागा भरत असतो. ‘भस्ममय मूर्ती’ या एकेचाळिसाव्या रात्री तो पोचतो तेव्हा आई नाही. या चार रात्री आम्ही वर्गात मोठ्याने वाचल्या नाहीत. मुलांना घरी वाचायला दिल्या.

आपल्या वर्गाची एक अडचणही सांगायला हवी. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याने आपल्या घरची मराठी हिंदीच्या शेजारात वाढली आहे. मुले देवनागरी सहज वाचतात, पण पडवी, माजघर, पत्रावळ, ओचे, जाते, माळा हे शब्द अडतात. कोकणातले घर त्यांनी पाहिलेले नसते. मात्र गुरुजींनी संवाद कोकणी बोलीत लिहिलेले नाहीत. आईही जवळपास पुस्तकी मराठीच बोलते. प्रत्यक्षात पालगडच्या घरात ती तशी बोलत असेल का, ही शंका रास्त आहे, आणि बोलीचा गोडवा त्यामुळे थोडा गेला हेही खरे. पण त्याच कारणाने हे पुस्तक पालगडबाहेर, कोकणाबाहेर, आपल्या इंदूरपर्यंत अडथळ्यावाचून पोचले. अडलेले शब्द मोजले तर पन्नासच्या आत निघाले. त्यांची यादी फलकावर लावली आहे.

चित्रपट दाखवावा अशीही मागणी आली आहे. आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा चित्रपट मिळवण्याचा प्रयत्न चालू आहे. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते, आणि त्यात आईचे काम करणाऱ्या वनमालाबाई आपल्या ग्वाल्हेरशी नाते असलेल्या, ही आपल्यासाठी कौतुकाची बाब. पण चित्रपट पुस्तक वाचून झाल्यावरच दाखवू. पडद्यावर सांगणारा श्याम आणि लहान श्याम यांच्यातले अंतर कसे दाखवले आहे, किंवा दाखवलेच नाही, हे मुलांनी पाहावे अशी इच्छा आहे.

तात्पर्य लिहून घेण्याऐवजी सुट्टीसाठी पुढील काम देत आहोत. आपल्या घरातल्या मोठ्या माणसाची एक आठवण दीड पानात लिहा. त्या माणसाबद्दल प्रेमळ, कष्टाळू, थोर असे एकही विशेषण वापरायचे नाही. एक वस्तू निवडायची, आणि तिचे काय झाले तेवढेच सांगायचे. आजी-आजोबांना विचारून लिहिले तरी चालेल. पालकांनी शुद्धलेखन तपासावे, वाक्ये मात्र बदलू नयेत. वह्या शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी जमा कराव्यात.